लाल रेघ उजवीकडे

मी ही नोकरी सूड घ्यायला धरली. मुलाखतीत असं सांगत नाहीत, म्हणून मी उतारांच्या अभ्यासात रस आहे असं सांगितलं आणि समोरच्या तिघांनी माना डोलावल्या. डोंगर सरकतो का ते मोजायला आमच्या खात्याने नळ्या पुरलेले शहरात नऊ उतार होते. मी मागून घेतला तो एकच. तो कोणालाच नको होता, कारण चढ दमवणारा आणि वरचे रहिवासी भांडकुदळ. खात्यातल्यांना वाटलं, नवीन आहे, हौस आहे, फिटेल लवकरच.

त्या जागेचं नाव बैठक. डोंगराच्या मधोमध एक रुंद सपाट पायरी आहे, तिच्या पाठीमागे अर्धगोल कडा आणि पुढे शहराकडे उतरता उतार. नाव घरांच्या आधीपासूनचं. बिल्डरला वाटलं असणार, पूर्वी लोक इथे गप्पा मारत बसत असतील, त्याने तेच नाव कमानीवर कोरून घेतलं. खरा अर्थ माझ्या वडिलांनी पहिल्या दिवशी ओळखला होता. इथे माणसं बसत नव्हती, डोंगर बसला होता. नवा भराव बसतो, जोतं बसतं, तसा हजारो वर्षांपूर्वी अख्खा डोंगर खाली बसला आणि तिथेच झोपी गेला. मागचा अर्धगोल कडा म्हणजे तो जिथून सुटला ती जागा.

बाबा ड्रिलर होते. जमिनीत खोल भोक पाडायचं, आतून खडकाच्या मनगटाएवढ्या जाड कांड्या बाहेर काढायच्या आणि लांबट लाकडी पेटीत खोलीच्या क्रमाने मांडून ठेवायच्या, हे त्यांचं काम. कांडी धुतली की ते तिच्या अंगावर तेलकट पेन्सिलीने दोन रेघा ओढायचे, लाल उजवीकडे आणि निळी डावीकडे, वरचं टोक वर धरून. कारण कांडी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, कोणीही उचलून उलटी ठेवली तरी कळत नाही. "कांडीला डोकं नसतं, आपण द्यायचं असतं," ते म्हणायचे. जिथे खडक भुसभुशीत असल्यामुळे हाती काहीच लागायचं नाही, तिथे तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा ठेवून त्यावर खोली लिहायची. गेलं ते गेलं म्हणून सांगायचं, कांड्या पुढे सरकवून जागा बुजवायची नाही. ठोकळा न ठेवणाऱ्या ड्रिलरला बाबा चोर म्हणायचे.

बैठकीत सतरा मीटरवर त्यांना वीतभर चिकणमाती मिळाली. करडी, ओली, एका अंगाने काचेसारखी चकचकीत आणि त्या चकाकीवर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे. त्या दिवशी जेवताना त्यांनी आईला आणि मला सांगितलं, अंगठा ठेवला तर आपोआप सरकला. रोजच्या नोंदीत लिहिलेलं त्यांनी आम्हाला वाचूनही दाखवलं, सतरा मीटर, चकचकीत चिकणमाती, जुना घसारा, डोंगर एकदा यावरूनच उतरला आहे. नोंदीची एकच प्रत असायची, ती त्यांनी साहेबांकडे दिली.

साहेब म्हणजे भूगर्भतज्ज्ञ. त्यांच्या सहीवाचून वसाहतीची एक वीट हलत नव्हती. त्यांच्या अहवालात आलं की सतरा मीटरवर कठीण खडक आहे आणि जमिनीची बैठक पक्की आहे. वसाहत उभी राहिली. पाच वर्षांनी तिथली आधाराची भिंत पुढे सरकून कोसळली आणि खाली काम करणारे दोन गवंडी गेले. चौकशी बसली. साहेबांनी पेट्यांचे फोटो पुढे केले. सतराला खडकाची सरळ कांडी दिसत होती. बाबा म्हणाले, मी माझ्या हाताने माती काढली होती. त्यांना विचारलं, मग कुठे आहे? नोंदीचा कागद सापडत नव्हता, पेट्या साहेबांच्या कंपनीच्या गोदामात कुलपात होत्या. निष्कर्ष निघाला की ड्रिलरने मऊ थर चुकवला आणि पेटी दडपून भरली. थोडक्यात, बाबा चोर.

त्यानंतर त्यांना कोणी बोलावलं नाही. ते दारूला लागले नाहीत, कोणावर ओरडलेही नाहीत. रोज सकाळी आठ वाजता दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायचे. खिशात दोन पेन्सिली, एक लाल आणि एक निळी, दोन्हींना टोक केलेलं. कधी निरोप येईल सांगता येत नाही म्हणायचे. सात वर्षं असे बसले आणि आठव्या वर्षी गेले. आई म्हणाली, आता तरी त्याचा विचार सोड. तो म्हणजे साहेब. मी सोडला नाही. त्याच माणसाने निवृत्त झाल्यावर बैठकीतली सगळ्यात वरची, कड्याखालची जागा घेऊन बंगला बांधला. बसलेल्या डोंगराच्या डोक्यावर.

तर मी दर मंगळवारी चढून जायची. उताराच्या पोटात उभी पुरलेली नळी असते, तिच्यात केबलला बांधलेलं यंत्र सोडायचं आणि अर्ध्या अर्ध्या मीटरवर थांबून नळी किती कलली ते लिहायचं. रहिवाशांनी माझं नाव नळीवाली ठेवलं. पहिली दोन वर्षं नळी वर्षाला दोन मिलिमीटर हलत होती, एवढं कुठलाही म्हातारा डोंगर हलतो. मग पायथ्याशी रुंद रस्ता आणि दुकानांचे गाळे करायला उताराचा पाय कापला. झोपलेल्या डोंगराने ज्या पायावर तोल सांभाळला होता तोच काढून नेला. वर साहेबांच्या ओळीत मातीचे भराव पडले, बागा झाल्या, हिरवळीला सकाळ-संध्याकाळ पाणी. साहेबांनी पोहायचा तलाव केला आणि तो गळत होता, हे मला खालच्या ओळीतल्या ओल्या भिंतींनी सांगितलं. पाय कापला, डोक्यावर ओझं ठेवलं आणि पोटात पाणी सोडलं. वर्षाचे दोन मिलिमीटर महिन्याचे झाले, मग आठवड्याचे. नळी वाकत होती ती एकाच जागी, बरोबर सतरावर. तो आकडा बघून मी डोंगरावर एकटी उभी राहून हसले, हे कबूल करते.

मी अहवाल पाठवले. आमच्या अभियंत्यांनी ते सल्ल्यासाठी पाठवले कुणाकडे, तर साहेबांकडे. तिथलेच जाणकार रहिवासी म्हणून. साहेबांनी एका ओळीत निकाल लावला की नळी नीट बसवलेली नाही, मोजणीत दोष आहे. म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा खालचा माणूस चुकला. त्या ओळीचा कागद घेऊन मी घरी आले आणि न जेवता बाबांच्या फोटोसमोर बसून राहिले.

मग दोन गोष्टी लागोपाठ हाती आल्या. वसाहतीत दुरुस्तीला येणारा सुतार पायऱ्यांवर दम खात बसला होता. सहज विचारलं, वर काय काम काढलं? तो म्हणाला, साहेबांच्या मोठ्या दाराला वर्षात तिसऱ्यांदा रंधा मारला. साहेब म्हणतात, लाकूड फुगलंय, पण कोणाला सांगू नकोस. "ताई, लाकूड फुगलं तर सगळीकडून फुगतं. मी दर वेळी वरचा डावा कोपराच उतरवतोय. दार जागेवर आहे, चौकट चाललीय." म्हणजे साहेबांना माहीत होतं. मोजणीत दोष आहे असं लिहिताना त्यांच्या दाराखाली रंध्याचा भुसा पडला होता.

दुसरी गोष्ट अशी की साहेबांची जुनी कंपनी बंद झाली आणि गोदामातल्या पेट्या खात्याच्या शेडमध्ये येऊन पडल्या. मी सुट्टीच्या दिवशी शेड उघडून घेतली. बाबांच्या पेट्या लगेच ओळखू आल्या, झाकणावर त्यांचे नेटके आकडे होते. सतरा मीटरची पेटी उघडली आणि वरपासून बोट फिरवत आले. लाल उजवीकडे, लाल उजवीकडे, लाल उजवीकडे. सतराला लाल डावीकडे.

कोणीतरी दुसऱ्या भोकातली कांडी आणून मातीच्या जागी ठेवली होती, तिच्यावरची खोली खरवडली होती आणि ठेवताना ती उलटी ठेवली होती. कुठल्याही ड्रिलरच्या हातून हे झालं नसतं. चौकशीतल्या फोटोंत हे दिसणं शक्यच नव्हतं, ते काळेपांढरे होते, त्यांत दोन्ही रेघा सारख्याच करड्या. साहेबांनी सगळं आयुष्य कांड्या पाहिल्या, पण रेघा त्यांना कधी दिसल्याच नाहीत. रेघा खालच्या माणसाचं काम.

पुढच्या मंगळवारी यंत्र सतराच्या पुढे गेलंच नाही. नळी तिथे मोडली होती. मी अभियंत्यांना फोन करून सांगितलं की माझ्या मोजणीत दोष असला तर माझी नोकरी घ्या, पण दुपारच्या आत वसाहतीतली एकतीसही घरं रिकामी करा. ते घाबरले आणि हो म्हणाले. आमच्याकडे घर सोडताना भरायचा एक फॉर्म असतो, कुटुंबप्रमुखाची सही आणि वर स्थलांतराचं कारण. कारणाचा रकाना मी भरायचा होता. मी बाबांचेच शब्द लिहिले, फक्त शेवट आजचा केला. सतरा मीटर, चकचकीत चिकणमाती, जुना घसारा, डोंगर पुन्हा यावरून उतरतो आहे. खाली एक जास्तीची ओळ टाकली, वरील कारण मान्य आहे. एकतीस घरांपैकी तीस जणांनी न वाचता सह्या केल्या. ते फॉर्म माझ्या लेखी रद्दी होते. मला एकच हवा होता.

साहेबांची बायको दोन पिशव्या घेऊन बाहेर आली. मी तिला खाली जाणाऱ्या गाडीत बसवलं. ती म्हणाली, ते येत नाहीत म्हणतात, तुम्ही सांगून बघा. मी पेटी उचलून आत गेले.

हॉलमध्ये सगळं जागच्या जागी होतं, फक्त भिंतीवरच्या तसबिरी सगळ्या एकाच बाजूला कलल्या होत्या. साहेब सोफ्यावर पाय पसरून बसले होते. पेपर हातात होता. मी पेटी टीपॉयवर ठेवली, झाकण काढलं आणि सतरावर बोट ठेवून विचारलं, लाल रेघ कुठल्या हाताला आहे?

"कसली रेघ?" त्यांनी विचारलं. खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मी समजावून सांगितलं. वरचं टोक वर, लाल उजवीकडे. त्यांनी चष्मा चढवला, वरची कांडी पाहिली, खालची पाहिली, मधली पाहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू त्या ड्रिलरची मुलगी."

"हो."

"वीतभर माती होती ती. वीतभर मातीसाठी अख्खी वसाहत अडली असती."

"माती कुठे आहे?"

"टाकून दिली. नाल्यात."

मी फॉर्म पुढे केला. त्यांनी कारणाचा रकाना वाचला, आणि तो त्यांना ओळखीचा वाटला हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं. चोवीस वर्षांपूर्वी तो कागद त्यांनीच फाडला होता. ते म्हणाले, यावर मी सही करणार नाही, मी इथून हलणारही नाही, माझं घर खडकावर आहे. मला हाताने मागे सारून त्यांनी बाहेर काढलं, पेटी माझ्या पाठोपाठ पायरीवर ठेवली आणि दार ओढून घेतलं. ते अडत होतं. त्यांनी आतून खांदा लावला तेव्हा कुठे लागलं.

मी फाटकाशी उभी राहिले. खात्यातून सोबत आलेल्या दोघांना खालच्या ओळीत कोणी राहिलं नाही ना ते पाहायला पाठवलं. पाऊण तास गेला असेल. आधी तलावाच्या कडेची फरशी तडकली, मग पाणी एका फटीतून खाली निघून गेलं, न्हाणीतलं जातं तसं. बंगल्याच्या मागे, कड्याच्या मुळाशी जमीन हातभर खचली. मागचं दार मातीने भरलं. घर पुढच्या बाजूला कण्हल्यासारखं वाजलं आणि आतून साहेबांचा आवाज आला, दार उघडत नाही.

माझ्या हातात पहार होती. बाबांची, सात किलोची, मी ती नळीचं झाकण उचकटायला वापरते. ती दाराच्या फटीत घातली असती तर एका जोरात काम झालं असतं. मी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि खिडकीपाशी गेले. खिडकीला गज होते. गजांतून मी फॉर्म आणि पेन आत दिलं.

"आधी दार," ते म्हणाले.

"आधी सही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी थट्टा करत नाही हे त्यांना तेव्हा पटलं. छतातून माती गळायला लागली होती. त्यांनी कागद भिंतीला लावला, घाईघाईने सही खरडली आणि बाहेर फेकला. मी उचलून पाहिला. कागद उलटा धरला होता, सही माझ्या खात्याच्या शिक्क्यावर, डोकं खाली पाय वर. मी तो पुन्हा आत दिला.

"सरळ धरा, साहेब," मी म्हणाले. "वरचं टोक वर."

ते रडत होते. मला दया आली नाही. यायला हवी होती असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. त्यांनी कागद सरळ केला, कारण मान्य आहे याच्या खाली सही केली, त्याखाली हुद्दा लिहिला, निवृत्त मुख्य भूगर्भतज्ज्ञ. तो मी सांगितला नव्हता, सवयीने लिहिला गेला. मी कागदावर फुंकर मारून शाई वाळवली, घडी करून खिशात ठेवली आणि मग पहार घेतली. दार एका जोरात निघालं. त्यांना काखेत धरून मी कमानीपर्यंत आणलं तोवर मागे बंगला दोन पुरुष उंचीएवढा खाली गेला होता. डोंगर धावला नाही, कोसळला नाही, नुसता सावकाश खाली बसला. संध्याकाळपर्यंत बैठक आणखी एक पायरी खाली होती आणि एकतीसही घरांतली माणसं जिवंत होती.

नवी चौकशी बसली. पेटी होती, सुताराने दाराची हकीगत सांगितली, आणि साहेबांची सही होती, सरळ. ती कशी मिळाली हे साहेबांनीही सांगितलं नाही. बाबांच्या नावापुढचा निष्काळजी हा शब्द खोडला गेला. तो कागद आईला वाचून दाखवला तेव्हा तिने बाबांच्या खुर्चीवरची धूळ पुसली आणि विचारलं, आता तू जेवशील ना नीट? साहेब आता मुलीकडे राहतात, कोणी त्यांना सल्ला विचारत नाही. रोज सकाळी तयार होऊन बसतात का, मला माहीत नाही. बसत असावेत अशी माझी इच्छा आहे.

शेडमधल्या पेटीतून मी ती उलटी कांडी काढली आणि त्या जागी वीतभर लांबीचा लाकडी ठोकळा बसवला. त्यावर लिहिलं, सतरा मीटर, माती निघाली होती, काढून नेली. बाबांनी लिहिलं असतं त्याच अक्षरात, जमेल तेवढं.

चौकशीत एकाने मला विचारलं होतं की साहेबांनी हाक मारल्यापासून दार उघडेपर्यंत अकरा मिनिटं गेली, एवढा वेळ का लागला? त्या अकरांतली सहा-सात तरी माझी होती. बाबांनी आधी दार उघडलं असतं. सही मागितलीच नसती, कागद खिशातच राहिला असता आणि ते चोरच राहिले असते. मी त्यांची मुलगी आहे, पण मी ते नाही.

दार घट्ट बसलं होतं, मी म्हणाले. त्यांनी तसंच लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. त्या मिनिटांच्या जागी मी ठोकळा ठेवला नाही.